बारा मीटरची बोट, जी बारा मीटरची नव्हती: थॉमस ग्लेन-कोट्स आणि क्लाइडवरचं सुवर्णपदक

१९०८ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाच्या 'बारा मीटर' वर्गात ज्या बोटीनं सुवर्णपदक मिळवलं, ती बारा मीटर लांब नव्हती. त्या काळातल्या या वर्गाच्या बोटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण अठरा मीटर भरायच्या. रुंदी तर बारा मीटरच्या जवळपासही नसायची. खरं म्हणजे त्या बोटीवरची एकही वस्तू बारा मीटरची असण्याची गरज नव्हती. तरीही तिला बारा मीटरचीच म्हणायचे, आणि ते अगदी बरोबर होतं.

बोटीचं नाव हेरा. तिचं सुकाणू थॉमस ग्लेन-कोट्स नावाच्या तीस वर्षांच्या स्कॉटिश माणसाच्या हातात होतं. श्रीमंत घराण्यातला थोरला मुलगा, पुढे वडिलांचा 'सर' हा किताब वारशानं मिळालेला, आणि शर्यतीत प्रतिस्पर्धी बोट फक्त एक. एवढीच माहिती वाचली की वाटतं, हौशी श्रीमंताला आयतं मिळालेलं पदक. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग 'बारा मीटर' म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायला बसलो आणि माझं मत बदललं. त्यामुळे हा लेख अर्धा माणसाबद्दल आहे आणि अर्धा एका गणिताबद्दल. एक सोडून दुसरं नीट सांगता येत नाही.

आधी माणूस.

थॉमसचा जन्म ५ मे १८७८ चा, पेझ्ली गावातला. ग्लासगोच्या पश्चिमेला असलेलं हे गाव आपल्याला नावानं ठाऊक नसलं, तरी त्याची खूण आपल्या कपाटात असते. साडीच्या काठावरच्या कुयरीला जगभर 'पेझ्ली' म्हणतात ते याच गावावरून. काश्मिरी शालींवरची कुयरी इथल्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात इतकी उचलली, की मूळ नक्षीला नकलेच्या गावाचं नाव पडलं. याबद्दल मला दर वेळी थोडं वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

शाली मागे पडल्यावर पेझ्लीला तारलं शिवणाच्या दोऱ्यानं. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा क्लार्क घराण्यानं रेशमाला पर्याय म्हणून गुळगुळीत सुती दोरा तयार केला. कोट्स घराण्यानं १८२६ मध्ये फर्ग्युस्ली इथं गिरणी उभारली. दोन्ही घराणी आधी एकमेकांशी स्पर्धा करत होती, १८९६ मध्ये एक झाली आणि 'जे. अँड पी. कोट्स' ही जगातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एक बनली. आपल्याकडे भरतकामासाठी वापरला जाणारा 'अँकर'चा रंगीत धागा आठवतो? तो नांगर मूळचा क्लार्कांच्या पेझ्लीतल्या अँकर मिल्सचा. पुढे मदुराईच्या गिरण्यांशी मिळून भारतात 'मदुरा कोट्स' झाली, तीही याच वंशातली.

या पैशातून पेझ्लीत बाग आली, वेधशाळा आली, भव्य चर्च आलं. अंटार्क्टिकाच्या नकाशावर 'कोट्स लँड' नावाचा भाग आहे, कारण १९०२ ते १९०४ च्या स्कॉटिश मोहिमेला या घराण्यानं पैसा पुरवला होता. थॉमसच्या वडिलांना १८९४ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी आडनाव ग्लेन-कोट्स असं केलं. १९०६ ते १९१० ते लिबरल पक्षाचे खासदार होते.

बॅरोनेट म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगणं सोपं आहे. ब्रिटिश आमदनीतला 'रावबहादूर' किताब त्या माणसाबरोबर संपायचा. बॅरोनेटचा किताब थोरल्या मुलाकडे जायचा. लॉर्डांच्या सभागृहात जागा नाही, पण नावापुढे वंशपरंपरेनं 'सर'. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई बॅरोनेट होते. सूतगिरण्यांचे मालक दिनशा पेटिट यांना तो किताब १८९० मध्ये मिळाला, म्हणजे पेझ्लीच्या दोरेवाल्यांच्याही चार वर्षं आधी. तेव्हा ग्लेन-कोट्स घराण्याचं 'खानदानीपण' १९०८ साली उणंपुरं चौदा वर्षांचं होतं. हे लक्षात ठेवायला हवं. मध्ययुगीन किल्ल्यात वाढलेला सरदार डोळ्यांपुढे आणू नका. हा कारखानदाराचा मुलगा होता.

पैसा कसा मिळाला यावर त्या समाजात माणसाची जागा ठरायची, याचं ठळक उदाहरण नौकानयनातच होतं. ग्लासगोत गरीब आयरिश आईबापांच्या पोटी जन्मलेले थॉमस लिप्टन किराणा आणि चहाच्या धंद्यातून अफाट श्रीमंत झाले. १८९९ ते १९३० या काळात त्यांनी 'शॅमरॉक' नावाच्या पाच बोटी घेऊन अमेरिका चषकासाठी पाच वेळा झुंज दिली. तरी इंग्लंडमधल्या सर्वांत मानाच्या यॉट क्लबनं त्यांना सदस्य करून घेतलं ते अगदी शेवटी, मृत्यूच्या थोडं आधी. दुकानात उभा राहिलेला माणूस त्यांना आपल्यातला वाटत नव्हता. थॉमस ग्लेन-कोट्सला हा अडसर आला नाही. त्याच्या घरचा धंदा तीन पिढ्या जुना होता आणि गिरणी घरापासून दूर ठेवता येत होती. त्यानं कमावलेलं काही असेल, तर ते शोधायला दुसरीकडे पाहावं लागतं.

ते सापडतं चित्रफळ्यावर. ग्लासगोजवळच्या क्लाइडच्या रुंद खाडीवर त्या काळी जगातले उत्तमोत्तम बोटींचे आराखडेकार काम करत होते. पुढे राजा झालेल्या युवराज एडवर्डसाठी १८९३ मध्ये 'ब्रिटानिया' बोट रेखाटणारे जी. एल. वॉटसन ग्लासगोचे. फेअर्ली गावात विल्यम फाइफ. वॉटसनच्या हाताखाली शिकून १८९६ मध्ये स्वतंत्र झालेले आल्फ्रेड मिल्न. श्रीमंत मंडळी या लोकांकडे जायची, रक्कम मोजायची आणि बोट घेऊन यायची. थॉमस ग्लेन-कोट्स मिल्नकडे गेला तो काम शिकायला. त्यानं स्वतः बोटींचे आराखडे काढले. घरात पैसा असताना पेन्सिल, मोजपट्टी आणि वर्गमुळं घेऊन तासन्‌तास बसणं कुणी त्याच्यावर लादलेलं नव्हतं. त्याची ओढ खरी होती, असं मी यावरूनच म्हणतो.

शर्यत कशाची, हे आधी ठरवावं लागतं

आता गणित. बोटींच्या शर्यतीत एक जुनी अडचण आहे. लांब बोट आखूड बोटीपेक्षा वेगानं जाते. शीड, खलाशी, हुशारी हे सगळं नंतर. बोट पुढे जाताना पाण्यात स्वतःच लाट उठवते आणि त्या लाटेच्या लांबीत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी जितकी जास्त, तितकी लाट लांब आणि तितका वेग जास्त. ढोबळ सूत्र असं: पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, की कमाल वेग नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. ४० फुटांच्या बोटीला तो साडेआठच्या आसपास येतो. त्याहून पुढे जायला वारा कितीही वाढला तरी फारसा उपयोग नसतो.

मग ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याची बोट जास्त लांब आणि तोच जिंकणार. शर्यतीला अर्थ उरत नाही. म्हणून बोटी मोजून गटांत बसवायला हव्यात. पण मोजायचं काय? इथून पन्नास वर्षांचा एक विलक्षण झगडा सुरू झाला, नियम करणारे एका बाजूला आणि आराखडेकार दुसऱ्या बाजूला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जो नियम होता, त्यात बोटीच्या रुंदीवर जबर 'कर' बसायचा. आराखडेकारांनी साहजिकच रुंदी कापली. बोटी इतक्या अरुंद होत गेल्या की त्यांना 'काठावर उभी केलेली फळी' म्हणायची पद्धत पडली. याचा शेवट १८८६ मध्ये 'ऊना' नावाच्या बोटीनं झाला. पाण्यावरची लांबी सुमारे ३४ फूट, रुंदी जेमतेम साडेपाच फूट. आयर्लंडच्या किनाऱ्यावर मालाहाइडजवळ ती वादळात सापडली. तिच्यावरचे सगळे बुडाले. त्यांत तिचा आराखडा काढणारा पॅटनही होता. कागदावरचा नियम माणसं मारू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

नियम बदलला. रुंदीवरचा कर गेला, लांबी आणि शीड यांवर आला. लगेच दुसरं टोक गाठलं गेलं: ताटासारख्या उथळ, हलक्या, कागदासारख्या पातळ फळ्यांच्या बोटी. वेग भरपूर, पण दोन-तीन हंगामांत खिळखिळ्या. आत माणूस धड बसू शकत नव्हता. शिवाय प्रत्येक देशाचा नियम वेगळा, त्यामुळे फ्रेंच बोट इंग्रज बोटीशी बरोबरीनं लढूच शकत नव्हती.

१९०६ मध्ये युरोपातल्या देशांचे प्रतिनिधी लंडनला जमले आणि त्यांनी एक 'आंतरराष्ट्रीय नियम' ठरवला. त्याचं सूत्र पहिल्यांदा पाहिलं की धडकी भरते, पण शब्दांत मांडलं तर ते सोपं आहे. लांबी घ्या. तिच्यात रुंदी मिळवा. बोटीच्या पोटाखालून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणून धरलेल्या साखळीची लांबी मोजा आणि तिचा अर्धा भाग मिळवा. मग बोटीच्या कातडीला चिकटवून तेच माप घ्या. चिकटवलेल्या आणि ताणलेल्या मापांत जो फरक येईल, त्याची तिप्पट मिळवा. शिडाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून त्याचा एक तृतीयांश मिळवा. आता बोटीचा काठ पाण्याच्या वर किती उंच आहे ते मोजा आणि तेवढं वजा करा. आलेल्या आकड्याला दोननं भागा. उत्तर १२ आलं, तर बोट बारा मीटरची.

हा आकडा म्हणजे बोटीची लांबी नव्हेच. शाळेतल्या गुणपत्रिकेवरची टक्केवारी असावी तसा तो आहे. वेगवेगळ्या विषयांतले गुण वेगळे असले तरी एकूण सारखे येऊ शकतात.

सूत्रात जे मिळवलं जातं तो कर, आणि जे वजा होतं ती सूट. सूट फक्त एकाच गोष्टीला, काठाच्या उंचीला. कारण उंच काठाची बोट समुद्रात सुरक्षित असते. तिप्पट कर त्या 'चिकटवलेल्या-ताणलेल्या' फरकावर. आपला शिंपी एकदा फीत अंगाला चिकटवून आणि एकदा ताणून माप घेतो, तसंच हे. बोटीचं पोट भरदार असेल तर दोन्ही मापं जवळजवळ सारखी येतात. पोट आत गेलेलं आणि खाली फक्त एक पातळ पातं लटकवलेलं असेल तर फरक मोठा येतो. म्हणजे ताटासारख्या बोटी बांधणाऱ्यांना दंड. शिवाय फळ्या, फासळ्या, खिळे किती जाडीचे हवेत, याची अटही जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेच्या निकषांनुसार घातली गेली, म्हणजे कागदी बोटींचा प्रश्न मिटला.

एक उदाहरण मांडतो. आकडे समजावण्यापुरते आहेत, हेराचे नव्हेत. समजा लांबी १२.५, रुंदी ३.४, साखळीचा अर्धा घेर ३.२, फरकाची तिप्पट ०.९. शीड २२५ चौरस मीटर, त्याचं वर्गमूळ १५, त्याचा एक तृतीयांश ५. बेरीज झाली २५. काठाची उंची १ मीटर, ती वजा. उरले २४. दोननं भागलं, १२. बोट वर्गात बसली.

आता आराखडेकाराला वाटलं, लांबी अर्ध्या मीटरनं वाढवू, वेग वाढेल. बाकी काही न बदलता ती वाढवली तर शिडाचा वाटा ५ वरून ४.५ वर आणावा लागतो. म्हणजे वर्गमूळ १३.५, आणि शीड साधारण १८२ चौरस मीटर. अर्ध्या मीटर लांबीसाठी सुमारे ४३ चौरस मीटर शीड गेलं, मुंबईतल्या छोट्या वन बीएचकेच्या चटईक्षेत्राएवढं! जोराच्या वाऱ्यात ही अदलाबदल फायद्याची. मंद वाऱ्यात तीच बोट जागच्या जागी डोलत राहणार.

म्हणूनच ही शर्यत पाण्यावर उतरण्याच्या वर्षभर आधी कागदावर सुरू होते. ज्या पाण्यात लढायचं तिथं वारा कसा असतो, लाट केवढी असते, याचा अंदाज बांधून प्रत्येक सेंटिमीटर कुठे खर्च करायचा ते ठरवायचं. ग्लेन-कोट्सला हा हिशोब स्वतः मांडता येत होता. सुकाणू धरणाऱ्या बहुतेकांना आपली बोट कशी वागते हे ठाऊक असतं. ती तशी का वागते, हे आकड्यांत सांगू शकणारे त्या काळी थोडेच होते.

हंटर्स की, ११ आणि १२ ऑगस्ट १९०८

त्या वर्षीचं ऑलिंपिक लंडनला झालं. सहा, सात आणि आठ मीटर वर्गांच्या शर्यती जुलैच्या अखेरीस दक्षिणेला आइल ऑफ वाइटच्या किनाऱ्यावर, राइडला पार पडल्या. पंधरा मीटर वर्गासाठी एकही नाव आलं नाही. सात मीटरमध्ये एकच बोट आली आणि तिनं एकटीनं फेरी मारून सुवर्ण घेतलं. त्या बोटीवर चार्ल्स आणि फ्रान्सिस रिव्हेट-कर्नाक हे नवराबायको होते. मुंबईकरांना हे आडनाव ओळखीचं वाटेल. कर्नाक बंदर आणि २०२५ मध्ये 'सिंदूर' नावानं नव्यानं उभा राहिलेला जुना कर्नाक पूल, ही नावं याच घराण्यातल्या, १८३९ ते १८४१ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जेम्स रिव्हेट-कर्नाकची.

बारा मीटरमध्ये दोन बोटी होत्या. क्लाइडची हेरा आणि लिव्हरपूलची मूशेट. दोन्ही उत्तरेकडच्या, मग दक्षिणेला नेण्याची गरज काय? शर्यत थेट क्लाइडवरच घेतली. रॉयल क्लाइड यॉट क्लबचं ठाणं हंटर्स की इथं होतं, डनून गावाजवळ, होली लॉखच्या मुखाशी. लॉख म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी. कोकणातल्या खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही: समोर मोकळं पाणी, तीन बाजूंनी डोंगर, आणि डोंगरांच्या खिंडीतून अचानक दिशा बदलून येणारा वारा. असं पाणी नकाशावरून कळत नाही, त्यावर हंगामामागून हंगाम काढावे लागतात. हेराला घरच्या पाण्याचा फायदा होता, हे मान्यच करायला हवं.

प्रत्येक बोटीवर दहा माणसं. हेरावर डाउन्स भाऊ होते, आर्थर आणि जॉन. जॉन बुकानन, जेम्स बंटन, डेव्हिड डनलॉप, जॉन मकेन्झी, अल्बर्ट मार्टिन, जेरल्ड टेट, जॉन अ‍ॅस्पिन हे बाकीचे. दहा माणसांचं काम काय, हे समजायला बोट वाऱ्याविरुद्ध कशी जाते ते पाहावं लागेल.

वारा मागून आला की बोट पुढे जाते, हे कुणालाही पटतं. पण शर्यतीचा निम्मा वेळ वारा समोरून असतो. अगदी तोंडावरच्या वाऱ्यात कुठलीही शिडाची बोट जाऊ शकत नाही. ती वाऱ्याला तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत जाते. वारा शिडाला आडवा ढकलत असतो. बोटीखालचा जड कणा, ज्याला कील म्हणतात, पाण्यात रुतलेला असल्यानं तिला आडवं सरकू देत नाही. दोन बाजूंनी दाब आल्यावर बोट निसटते ती पुढे. चोखलेला आंब्याचा बाठा मुठीत दाबला तर कसा सुळकन पुढे निसटतो, तसंच.

मग समोरच्या खुणेपर्यंत जायचं कसं? घाट चढतो तसं. सरळ डोंगरावर गाडी चढत नाही, म्हणून रस्ता नागमोडी नेतात. बोटही थोडं डावीकडे, मग वळण, मग थोडं उजवीकडे, असं करत वाऱ्याचा घाट चढते. प्रत्येक वळणावर दहा जणांना एकाच क्षणी आपापली कामं करावी लागतात: दोर सोडायचे, दुसऱ्या बाजूचे ओढायचे, सगळं वजन उंच झालेल्या काठाकडे हलवायचं. तेव्हाच्या बोटींवर शिडाच्या वरच्या काठाला आडवी काठी असे आणि तिच्याही वर आणखी एक छोटं शीड. यंत्रं नाहीत, सगळं हातांनी. एका वळणात पाच सेकंद वाया गेले आणि अशी वीस-तीस वळणं असली, तर तेवढ्यावरच शर्यत हातची जाते.

दोनच बोटी असणं सोपं असतं, हा समज इथं मोडतो. दहा बोटी असल्या तर प्रत्येक जण आपापल्या वाटेनं वेगानं जायचा प्रयत्न करतो. दोन असल्या की ते द्वंद्व होतं. पुढची बोट मागच्या बोटीच्या आणि वाऱ्याच्या मध्ये येऊन बसते. तिच्या शिडांमागे वारा गढूळ होतो, नदीत खडकामागे पाण्याचे भोवरे होतात तसा, आणि मागच्या बोटीला तोच उष्टा वारा मिळतो. मागची बोट सुटायला वळते, पुढची तिच्यापाठोपाठ वळते. पुन्हा वळते, पुन्हा वळते. इथं चूक लपायला जागा नाही. तिसरं कुणी मध्ये येऊन नशीब बदलत नाही.

जीवाचा धोकाही काल्पनिक नव्हता. याच क्लाइडवर ५ जुलै १८९४ ला शर्यत सुरू होताना 'सॅटानिटा' ही मोठी बोट लॉर्ड डनरेव्हन यांच्या 'व्हाल्किरी दुसरी'वर आदळली. व्हाल्किरी थोड्याच वेळात तळाला गेली आणि तिच्यावरचा एक खलाशी जखमी होऊन मरण पावला. त्या मोठ्या बोटींवर मालक हौशी असे आणि दोर ओढणारे हात पगारी, बरेचसे हिवाळ्यात मासेमारी करणारे. शर्यतींच्या नोंदींत मालकांची नावं असतात, या माणसांची फार थोडी सापडतात. त्या काळातल्या नौकानयनाबद्दल मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

ऑलिंपिकमध्ये तीनपैकी दोन शर्यती जिंकायच्या होत्या. हेरानं पहिली जिंकली, दुसरीही जिंकली. तिसरी घ्यावी लागली नाही.

पदकाचं मोल

जगभरातून दोनच बोटी आल्या, त्याही एकाच देशाच्या. या सुवर्णाला जगज्जेतेपद म्हणता येणार नाही, आणि मी म्हणणारही नाही. बोट बांधायला लागणारा पैसा जगात मूठभर लोकांकडे होता, म्हणून ही गर्दी कमी होती. पुढेही चित्र बदललं नाही. १९१२ मध्ये स्वीडनच्या न्यूनेसहामला तीन बोटी आल्या. नॉर्वे जिंकलं, स्वीडन दुसरं, आणि फिनलंडला कांस्य मिळालं ते 'हेदरबेल' या अस्सल स्कॉटिश नावाच्या बोटीवर. १९२० मध्ये या वर्गात नॉर्वेच्याच बोटी एकट्यादुकट्या धावल्या आणि त्यानंतर हा वर्ग ऑलिंपिकमधून गेला. तो जायलाच हवा होता.

पण ग्लेन-कोट्सला मोजताना मी पदकाचा आकडा बाजूला ठेवतो. पैसा असलेल्या माणसाला बोट विकत घेता येते, खलाशी पगारावर ठेवता येतात. वर्गमुळं विकत घेता येत नाहीत, आणि खिंडीतून फिरणारा वारा ओळखणंही नाही. ही दोन्ही कामं तो स्वतः शिकला.

१९२२ मध्ये वडील गेले आणि थॉमस दुसरा बॅरोनेट झाला. १९३५ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, त्यानं लुईझ ह्यूगॉन हिच्याशी लग्न केलं. ७ मार्च १९५४ ला तो वारला. मूल नव्हतं, त्यामुळे किताब त्याच्याबरोबरच संपला. फर्ग्युस्ली पार्क इथला कोट्सांचा वाडाही उरला नाही. त्या परिसरात नगरपालिकेची घरं उभी राहिली, आणि २०१२ व २०१६ मध्ये स्कॉटिश सरकारच्या पाहणीत फर्ग्युस्ली पार्क हा देशातला सर्वांत वंचित भाग ठरला. दोऱ्याच्या गिरण्यांपैकी फर्ग्युस्लीची मोठी गिरणी पाडली गेली. अँकर मिल्सच्या इमारतींत आता लोक राहतात.

नियम मात्र टिकला. तो दोनदा सुधारला गेला. रुंदी आणि साखळीचा घेर सूत्रातून गेले, भाजक २ चा २.३७ झाला, पण लांबी, शीड, घेरांतला फरक आणि काठाची सूट ही मूळ चौकट तशीच राहिली. १९५८ मध्ये अमेरिका चषकासाठी बारा मीटरच्याच बोटी निवडल्या गेल्या आणि १९८७ पर्यंत त्यांवरच हा चषक खेळला गेला.

१९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यूपोर्टला 'ऑस्ट्रेलिया दुसरी' नावाची बोट आली. पाण्याबाहेर काढली की तिचा तळ कापडानं झाकून ठेवायचे. आत काय आहे यावर महिनोन्‌महिने तर्क चालले. तिच्या कीलला खालच्या बाजूला दोन पंख होते. बोट कलंडली की पंख पाण्यात खोल जायचे आणि तिला धरून ठेवायचे. मापं मात्र बोट सरळ उभी असतानाच घ्यायची असतात, आणि तेव्हा ते पंख कुठल्याच करात बसत नव्हते. अमेरिकन क्लबनं जोरदार आक्षेप घेतला. पुढे सप्टेंबरमध्ये ती बोट ४-३ अशी जिंकली आणि १३२ वर्षं न्यूयॉर्कमध्ये असलेला चषक ऑस्ट्रेलियाला गेला. पण त्याआधी आंतरराष्ट्रीय मोजणीदारांनी तिला फीत लावली, सूत्रात आकडे भरले, बेरीज केली, वजाबाकी केली आणि भागाकार केला. उत्तर आलं, बारा मीटर.